शेवटी मातीच ना

‘स्कूटीस्वार महिला ठार.’ बातमीचं कात्रण कुणीतरी आमच्या जुन्या हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलं होतं. चामोर्शीला मी शिकवते त्या ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणून नुसता फोटो पाहिला. डांबरावर फुटलेला थर्माकोलचा डबा, विरघळलेला बर्फ आणि ओल्या मातीच्या पिशव्या. नाव वाचायची गरजच पडली नाही. असा डबा बांधून कुरखेड्याच्या रस्त्यानं फिरणारी एकच बाई मला माहीत होती... नसरीन. ट्रक मागून आला, उडवून गेला, अजून सापडलेला नाही. कोण शोधतंय तेही कळत नाही. आयुष्य मातीत घातलेल्या शास्त्रज्ञाला त्या बातमीनं ‘महिला’ म्हणून निकालात काढलं!

ती चिमूरची. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, त्यामुळे ठिणग्यांची सवय, असं ती स्वतःच म्हणायची. हॉस्टेलात मेसच्या पातळ वरणावरून रेक्टरशी भांडायची तीच. दक्षिणेत पीएच.डी. झाली, परदेशी जायची संधी आली आणि ही बया पोस्टडॉक, म्हणजे पुढचं संशोधन, करायला परत कुरखेड्याच्या जंगलात आली. मुलाखतीत एकानं विचारलं, ‘‘एकट्या बाईला तिकडे कोण पाठवणार?’’ ही म्हणाली, ‘‘मी विचारत नाही आहे सर, सांगते आहे.’’ मला फोनवर हे ऐकवताना सुद्धा तिचा आवाज चढलेला होता.

तिचं काम मेटाजिनोमिक्सचं. म्हणजे मातीतले सूक्ष्मजीव एकेक करून वाढवत बसायचं नाही, मूठभर मातीतल्या सगळ्यांचा डीएनए एकदम काढायचा आणि तिथं कोण कोण राहतं ते वाचायचं. युरिया टाकणं थांबवलं तर धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, कोण परत येतं, किती वेळानं येतं, हे तिला शोधायचं होतं. कुरखेड्याजवळच्या शेतकरी सुमनबाईंनी त्यासाठी जंगलाला लागून असलेली एक बांधी बिनखताची सोडली. पहिल्या हंगामात धान कमी झालं तेव्हा घरात कटकट झाली. मी त्या दिवशी तिथंच होते. नसरीन चिखलात उकिडवी बसून समजावत होती, ‘‘बाई, इथी पुरं गावच आहे. आपल्याले दिसत नाई एवढंच. ते उपाशी होते, आता परतून राह्यले. मले त्याईचे नावं पायजे.’’ सुमनबाई म्हणाल्या, ‘‘नावं भेटले का पयले मले सांगजो.’’ तिनं हो म्हटलं होतं.

तिच्या संशोधन संस्थेत दोन आठवड्यांनी झालेल्या शोकसभेला मी गेले. फोटोला हार, समई, आणि ‘त्यांचं कार्य आपण पुढे नेऊ’ असं तिचे विभागप्रमुख म्हणाले. सभा संपल्यावर मी तिचे नमुने पाहायचे म्हटलं. कितीतरी हंगामांची माती तिनं उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवली होती, बरीचशी अजून वाचायची होती. प्रयोगशाळेतली मुलगी खाली बघत बोलली, ‘‘मागच्या आठवड्यात रिकामा केला, मॅडम... नव्या प्रकल्पाला जागा पाहिजे होती.’’ मी तशीच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये घुसले. ते चहा पीत होते. म्हणाले, ‘‘भावना समजतात, पण शेवटी मातीच ना? परत आणता येईल.’’ मी टेबलावर हात आपटला. गेलेल्या पावसाळ्यांची माती कुठून आणणार? बाहेर अजून तिच्या फोटोसमोर समई जळत होती! माणूस मेलं की हार घालायचा आणि त्याचं काम कचऱ्यात... मी काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही.

सुमनबाईंना सांगायला मीच गेले. दुसरं कोण जाणार होतं?

‘‘फेकली?’’ त्या म्हणाल्या. ‘‘काऊन?’’

‘‘फ्रीझरमध्ये जागा पाहिजे होती म्हणे,’’ मी सांगितलं. त्या उठल्या, लुगड्याचा पदर खोचला. ‘‘पुन्हा देऊ माती. पण त्याईले नाई देत.’’

नसरीनच्या जुन्या गाईड बाईंनी त्यांच्या प्रयोगशाळेत नमुने घ्यायचं कबूल केलं आहे. गेलेलं त्यातून परत येणार नाही. बांधी मात्र अजून बिनखताची आहे, आणि यंदाची माती आम्ही दोघींनी काढली. शांत हो, असं मला सगळे सांगतात. मला शांत व्हायचं नाही.

माती काढली त्या दिवशी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पत्र्याची एक पाटी पाहिली. लाल ऑइलपेंट, ओघळलेली अक्षरं, नसरीनचंच वळण. ‘फवारू नका. इथी लोक राह्यतात.’ शेजारचा शेतकरी पाठीवर पंप घेऊन धुऱ्यानं येत होता. पाटीपाशी थांबला. पंपाची नळी बंद केली, आणि पलीकडच्या धुऱ्यानं वळसा घालून गेला.