सवयीने म्हटलेलं रिस्पेक्टेड

लवंग दाताखाली फुटली की मला सौदीतल्या धाहरानची माझी शाळा आठवते. नववीत वक्तृत्व स्पर्धेत मी जुन्या अमेरिकेतल्या, गुलामीतून निसटून आलेल्या एका कृष्णवर्णीय बाईचं इंग्रजी भाषण करणार होते. अब्बांनी त्यांच्या रत्नागिरीच्या शाळेसारखी महिनाभर घोटून तयारी करून घेतली आणि घशासाठी लवंग दिली. मुलींच्या विभागात पुरुषांना सोडत नसत, म्हणून ते बाहेर गाडीत थांबले. मी स्टेजवर गेले आणि सवयीने तोंडातून निघालं, "रिस्पेक्टेड जजेस अँड डिअर फ्रेंड्स." हॉल खो खो हसला, कारण मी त्या बाईच्या भूमिकेत होते आणि तिच्यासमोर बसलेले तर गुलामी चालवून घेणारे लोक होते. पाठ केलेलं सगळं उडालं, पण अंगात काहीतरी संचारलं. मी म्हणाले, "तुम्हाला रिस्पेक्टेड म्हटलं ते सवयीने. माणसांचा बाजार बंद कराल, त्या दिवशी मनापासून म्हणेन." टाळ्याच टाळ्या पडल्या. मूळ भाषण सोडलं म्हणून नंबर मात्र गेला. मी धावत गाडीत शिरले, "अब्बा, नंबर नाही आला, पण ऐका ना." नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी त्या उन्हात एसी बंद केला. तेवढ्यात कफीलचा, म्हणजे अब्बांची नोकरी आणि व्हिसा ज्याच्या हातात होता त्या मालकाचा, फोन आला. त्याच्याशी घरातसुद्धा उभं राहून बोलणारे अब्बा म्हणाले, "वाजू दे त्याला. तू परत बोल." आता मीही ऑफिसात सगळ्यांना सर म्हणते, पण तोंडात लवंग असली की ती रिंग ऐकू येते आणि पाठ आपोआप ताठ होते.