एका रिक्षात दोन उमेदवार

आमच्या मेहरूणच्या वॉर्डातली नगरपालिकेची जागा पहिल्यांदाच बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा पारावरच्या पुरुषांची तोंडं आधी पडली, आणि मग ते आपापल्या बायकांना उभं करायच्या गोष्टी करू लागले. शेवटी उभ्या राहिल्या दोघीच. एक अक्का. त्यांच्या दारात म्हशी होत्या, अर्धी गल्ली त्यांचंच दूध प्यायची. दुसऱ्या भाभी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मारवाडी घरातल्या थोरल्या सूनबाई. मी तेव्हा घरी शिकवण्या घ्यायचे. दोघींचीही मुलं माझ्याकडे येत, त्यामुळे दोघींच्या चुलीपर्यंत माझी ये-जा होती.

एकदा सकाळी दूध मापता मापता अक्का म्हणाल्या, "प्रचाराला एक शेठ जीप देतोय. भोंग्यासकट. पत्रकंही तोच छापणार. बदल्यात काही मागत नाही बिचारा."

त्याच दुपारी मी तूरडाळ आणायला गेले. भाभींनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "एक शेठजी आहेत, भला माणूस. जीप देतात, भोंगा देतात."

मी शेठचं वर्णन विचारलं. तोच होता. शेतं घेऊन प्लॉट पाडायचा आणि विकायचा. तलावाकडे जाताना लागणाऱ्या मोकळ्या मैदानावर त्याचा डोळा होता, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या धुळ्याकडच्या, बोलणं अहिराणी. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "दोन्ही म्हशीसले ढेप टाकस, तो दूध काढाशिवाय ऱ्हाई का?" ढेप म्हणजे म्हशीची पेंड.

मी आधी अक्कांकडे गेले. म्हटलं, "अक्का, ती जीप नका घेऊ." अक्कांनी ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, "मी नाही घेतली आणि भाभीनं दुसऱ्या कुणाची घेतली, तर? मी पायी फिरायचं आणि तिनं माझ्या तोंडावर धूळ उडवत जायचं?" मग भाभींकडे गेले. त्यांचंही तेच: "पहिल्यांदा अक्कांना त्यांची जीप नाकारू दे." आठवडाभर मी या घरातून त्या घरात फिरत होते. दोघींना माझं पटत होतं, पण आधी नाही कोणी म्हणायचं यावर गाडी अडली होती.

तेवढ्यात बिबड्यांचे दिवस आले. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे हे पापड एकटी बाई करत नाही. आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या, अशा सगळ्याजणी मिळून करतो. त्या दिवशी पाळी अक्कांची होती. निवडणूक असली म्हणून काय झालं, भाभीही पदर खोचून आल्या होत्या. मोठ्या पातेल्यात पीठ शिजत होतं, आम्ही ओल्या फडक्यांवर बिबडे थापत होतो. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अक्का, भाभी," मी म्हटलं, "तुमच्या दोघींच्या जीपा एकाच शेठच्या दारातून येणार आहेत, माहीत आहे ना?"

सगळ्यांचे हात थांबले. मी दोघींना वेगवेगळं समजावत बसले होते, पण शेठ एकच आहे ही साधी गोष्ट दोघींसमोर बोललेच नव्हते.

अक्कांनी भाभींकडे बघितलं. "तुलापण तोच देतोय?"

"तुम्हालापण तोच?" भाभी म्हणाल्या, आणि पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. मग अक्काही हसल्या. गच्चीभर हसण्याची लाट गेली.

"म्हणजे मी निवडून आले तरी माणूस त्याचा, ही आली तरी त्याचा," अक्का म्हणाल्या. "मग आपण दोघी कशाला उन्हात फिरायचं? त्यालाच उभं करू, साडी नेसवून."

"आधी कोण नाही म्हणणार?" एकीनं विचारलं.

"दोघी एकदम," भाभी म्हणाल्या.

आणि तसंच झालं. शेठ अक्कांच्या ओट्यावर आला तेव्हा समोर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या, मागे दारात आम्ही. अक्कांनी चहा दिला, भाभींनी बिबडे तळून आणले. शेठनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"शेठ, जीप नको," अक्का म्हणाल्या. "पत्रकंही नकोत."

"अहो ताई, माझं काय जातंय? विचार करा. प्रचाराशिवाय पडाल."

"दोघींपैकी एक तर पडणारच आहे," भाभी म्हणाल्या. "घ्या ना, बिबडा घ्या." दुकानातसुद्धा पडद्याआडून बोलणारी ही बाई इतकं बोलली, याचंच आम्हाला अप्रूप. शेठनं बिबडा खाल्ला, चांगला झालाय म्हणाला आणि गेला.

अक्कांचे यजमान मात्र दोन दिवस धुसफुसत होते. फुकटची जीप कुणी परत करतं का, हे त्यांचं पालुपद. पण गल्लीतला एक रिक्षावाला म्हणाला, पेट्रोल टाका, मी फिरवतो. दोघींनी मिळून पेट्रोल टाकलं. रिक्षाच्या एका बाजूला अक्कांची निशाणी शिलाई मशीन रंगवली, दुसऱ्या बाजूला भाभींची छत्री. मागच्या सीटवर दोघी, मध्ये भोंग्याची बॅटरी. डावीकडची घरं आली की भाभी बोलायच्या, उजवीकडची आली की अक्का. पोरं मागे पळायची. एका आबांनी रिक्षा थांबवून विचारलं, "मंग मी दोन्हीवर शिक्का मारू का?" दोघींनी खाली उतरून त्यांना समजावलं, की तसं केलं तर मत बाद होईल. आबा विचारात पडले. म्हणाले, "मंग तुम्हीच ठरवून सांगा मला."

त्या रिक्षाची चर्चा पार शिरसोली नाक्यापर्यंत गेली. दुसऱ्या वॉर्डातल्या बायका बघायला यायच्या. अक्कांचे यजमान चौथ्या दिवसापासून रिक्षाच्या पुढे सायकलवर घंटी वाजवत निघाले.

भाभी थोड्या मतांनी निवडून आल्या. अक्का पडल्या, पण संध्याकाळी बासुंदी त्यांच्याच घरी आटली. मैदानाचा विषय सभेत आला तेव्हा भाभी उभ्या राहून नाही म्हणाल्या, आणि मैदान बरीच वर्षं तसंच राहिलं.

पहिल्या सभेला त्या एकट्या जायला घाबरत होत्या. म्हणून आम्ही पंधरा-वीसजणी बरोबर गेलो आणि नगरपालिकेच्या जिन्यावर बसलो. शिपायानं विचारलं, काय काम आहे? अक्का म्हणाल्या, "आमची बाई आत बसली आहे. तिची सभा संपेपर्यंत आम्ही इथेच." त्यानं आतून पाण्याचा माठ आणून ठेवला.