सायकल दुरुस्तीला गेली ती दुपार

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी वर्ध्यात कॉलेजला होते, विषय समाजशास्त्र. कॉलेज लांब, म्हणून बाबांनी सायकल घेऊन दिली आणि एक अट घातली, "सायकलीचं काही झालं की कॉलेज बंद." बाबा अटी विसरत नसत.

त्या दुपारी मी माडीवरच्या खिडकीत अभ्यास करत होते. धडा सामाजिक नियंत्रणाचा. माणूस गुन्हा का करत नाही याची कारणं पुस्तकात ओळीने दिली होती : कायद्याचं भय, धर्म, सदसद्विवेक, जनमत. मी ती घोकत असतानाच खाली एक अनोळखी माणूस आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेली माझी सायकल उचलली आणि चालू लागला.

ओरडायला हवं होतं. शाळेतल्या इंग्रजी धड्यांत लोक अशा वेळी 'स्टॉप, थीफ!' असं ओरडत. आमच्या गल्लीत ते शोभलं नसतं, आणि मराठीत मी तोवर कधी ओरडलेच नव्हते. शिवाय खालच्या खोलीत बाबा झोपले होते. माझ्या ओरडण्याने आधी तेच जागे झाले असते. मी चपला हातात घेऊन जिना उतरले.

गल्लीत त्याला सायकलवर बसता येईना. दोन्ही बाजूंना बाजांवर मिरच्या वाळत होत्या. तो सायकल हाताने ढकलत होता आणि मी बरंच अंतर ठेवून मागे. समोरच्या काकू दारात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या.

"काय रे, हे तं समोरच्या पोरीची सायकल हाय. तू काऊन नेऊन राह्यला?"

"दुरुस्तीले."

"कोनाचा तू?"

"पिपरीचा."

"पिपरीत कोनाकडचा? मायी बहीन देल्ली हाय तिथं."

तो गडबडला. "त्या... देवळाकडचा."

"देवळामागचा? मंग तं तू माया भाचाच झाला!" काकूंनी परस्पर ठरवून टाकलं. "थांबजो. दुरुस्तीलेच चालला तं माया स्टो बी घेऊन जाजो. निसता भडकते मेला."

स्टोव्ह हँडलला लटकला. शेजारच्या शिंपीकाकांनी मशीन थांबवून हे ऐकलं होतं. त्यांनी फुटक्या काचेचा कंदील आणला आणि पाठोपाठ सासऱ्यांनाही. "आमच्या मामाजीले दवाखान्यात जायचं हाय. कॅरिअरवर बसवून घे. तुया रस्त्यातच हाय."

मामाजी वजनदार होते. त्यांनी कंदील मांडीवर घेतला आणि म्हणाले, "चाल बापा. हळू घेजो, मले मूळव्याध हाय."

तो एकदा मोठ्या रस्त्याकडे आणि एकदा मामाजींकडे बघत राहिला. मग ढकलू लागला.

दवाखाना आला, पण मामाजी उतरेनात. "आधी तुयं काम उरक. हे मिस्त्री लोक एकट्या मानसाले दिवसभर बसवून ठेवते. मी हावो ना!"

दुकानात मिस्त्रीने विचारलं, "काय झालं हिले?" चोराने सायकलकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुमीच पाहा." मिस्त्रीला ब्रेक सैल सापडला. ब्रेक झाला, स्टोव्ह झाला, कंदिलाला काच बसली. तोवर तो घाम पुसत उकिडवा बसून होता.

मी आडोशातून पुढे झाले तेव्हा मामाजी म्हणाले, "हे पाहा, आली सायकलवाली! पोरी, चांगला मानूस धाडला तू. एवढ्या उन्हात कोन करते?"

त्याने मान खाली घातली. 'हा चोर आहे' असं मी म्हटलं असतं, तर ती बातमी माझ्याआधी बाबांकडे पोचली असती. मी विचारलं, "झाली का दुरुस्त?"

"झाली, ताई," तो म्हणाला. "बिरेक सैल होता."

मिस्त्रीचे पैसे मी दिले. तो निघू लागला तशी मामाजींनी त्याची बाही धरली. "अन मले कोन नेईन? दवाखान्याचं उद्या पाहू."

वरात परत निघाली. तो ढकलत, मामाजी कॅरिअरवर, मी कंदील घेऊन मागे. काकूंनी लगेच स्टोव्ह पेटवून त्याच्यासाठी चहा टाकला. तेवढ्यात बाबा दारात आले.

"काय चाललंय?"

"पोरीनं सायकल दुरुस्त करून आनली," काकू म्हणाल्या.

बाबांनी ब्रेक दाबून पाहिला. पुन्हा दाबला. "न सांगता?"

"हो."

"बरं केलंस." एवढं कौतुक बाबा सहसा करत नसत. मग त्यांची नजर त्याच्याकडे गेली. "हा कोण?"

"माया भाचा," काकूंनी सांगून टाकलं.

भाच्याने घाईने चहा संपवला. "पुढल्या हप्त्यात येजो रे," काकू मागून ओरडल्या, "पाटा पार गुळगुळीत झाला, टाकी लावाची हाय!" तो "येतो" म्हणाला आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेला. पुढचं मला दिसलं नाही.

परीक्षेत सामाजिक नियंत्रणाचा प्रश्न आला. मी कायद्याचं भय, धर्म, सदसद्विवेक, जनमत असं सगळं ओळीने लिहिलं. स्टोव्हचं लिहायला खाली जागा होती, पण धीर झाला नाही.

काकूंनी तो पाटा मात्र बरेच दिवस कुणा टाकीवाल्याला दिला नाही. भाचा येणार होता.