बाकी राहिलेली सावड

आदरणीय ताराबाई जाधव, म्हणजे आपल्या सर्वांच्या ताराआक्का, पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गावच्या बचत गटाने काढलेल्या या गौरवग्रंथात मी लिहावं असा निरोप आला, तेव्हा माझी पत्नी ललिता म्हणाली, "चांगलं लिहा. भांडू नका." प्रयत्न करतो.

आक्कांची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या एका इस्पितळात झाली, किमोच्या खोलीत. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. मानेत गाठी आल्या, कॅन्सर ठरला, आणि निवृत्तीनंतर निवांत बसायचं सोडून पहिल्या डोससाठी मला त्या खुर्चीत बसवण्यात आलं. कोणी बोलू नये म्हणून मी पेपर पार नाकाला टेकवला होता. शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "काय साहेब, पहिलटकरीण का?"

मी पेपर खाली केला. डोक्याला रुमाल बांधलेल्या, हाताला सलाईन लावलेल्या एक बाई माझ्याकडे प्रेमानं बघत होत्या. "घाबरू नका. पहिल्याला लय त्रास होतो, मंग सवय लागते. मला चौथं हाय." माझ्या मिशांकडे बघून असं बोलायची हिंमत एकलहऱ्यात कोणाची झाली नव्हती. मी पेपर पुन्हा वर केला. पुढचा तासभर आक्का पेपरशी बोलल्या.

आक्का दिंडोरी तालुक्यातल्या. यजमान लवकर गेले, तरी द्राक्षाची बाग त्यांनी हिमतीनं उभी केली. बागेबद्दल आणि बचत गटाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या सावडीबद्दल. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या रानात राबेन. पैशाचा संबंध नाही, पण फेड चुकवायची नाही. चुकवली तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

ही रीत आक्कांनी थेट किमोच्या खोलीत आणली. मालेगावचे रशीदभाई, यंत्रमागावर काम करणारे, एसटीनं एकटेच यायचे. मुलं मागावर, बरोबर येणार कोण? आक्का स्वतःचा डोस नसलेल्या दिवशी येऊन त्यांच्याजवळ बसू लागल्या. एका नव्या सिस्टरनं आक्कांना खुर्चीत पाहिलं आणि सुई काढली. "आवं बाई, थांबा! आज माझा नंबर नाय. मी सावडीला आले." सिस्टरनं फाइल उलटीपालटी केली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सावड कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलीय?"

पहिल्या डोसनंतर माझ्या मिशा गेल्या. मी घरातले आरसे झाकायला लावले. पुढच्या भेटीत आक्कांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खरड छाटणी झाली म्हणायची." उन्हाळ्यात द्राक्षाची बाग पार खरडून काढतात, नुसते खुंट उरतात, आणि त्यांनाच नवी फूट येते. "त्या बागेकडं बघून कोणी रडतं का? रडलं तर गाव म्हणंल, ह्याला शेतीतलं कळत नाय."

मी म्हणालो, "मला शेतीतलं कळतच नाही."

"ते दिसतंयच."

दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसला आक्का माझ्याजवळ बसायला आल्या. तोंडाची चव गेली होती, पाणीसुद्धा कडू लागायचं, तर त्यांनी सुकवलेला आवळा पुडीत बांधून आणला. गावात कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळं साग्रसंगीत ऐकवलं. 'कसं वाटतंय' हे मात्र एकदाही विचारलं नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, "आजार तुमचा तुम्हाला ठाऊक हाय. गावात काय चाललंय ते ठाऊक नाय ना?" ललितासुद्धा त्या भांडणांत इतकी गुंतली की पुढचं कळावं म्हणून डोसची वाट बघू लागली.

मधल्या दिवसांत फेड म्हणून मला रशीदभाईंजवळ बसायची आज्ञा झाली. आता कंट्रोल रूमची सवय जाणार कुठे? मी सलाईनवर नजर ठेवली आणि थोड्या थोड्या वेळानं सिस्टरना खणखणीत आवाजात कळवू लागलो, "प्रवाह मंद! प्रवाह पूर्ववत!" रशीदभाईंना घाम फुटला. त्यांनी तिथूनच आक्कांना फोन लावला. "आक्का, साहब को मत भेजो. आदमी अच्छे हैं, मगर मेरे को बॉयलर समझते हैं."

हसण्यावारी नेता येतं तेवढं नेलं. तिसऱ्या डोसनं मात्र मला मोडलं. उलट्या थांबेनात, जिना चढवेना. मी घरात जाहीर केलं, आता बस्स, पुढचा डोस नाही. पुण्याहून मुलगा आला, डॉक्टरांनी समजावलं, गाठी विरघळतायत म्हणाले, ललिता रडली. मी कोणालाही जुमानलं नाही. मला मरणाची भीती नव्हती, त्या खुर्चीची होती. फोन बंद करून ठेवला. डोसची तारीख निघून गेली.

एका सकाळी दारात क्रेट भरलेला पिकअप थांबला. पुढच्या सीटवरून आक्का उतरल्या. मी वाद घालायला मुद्दे तयार ठेवलेच होते. आक्का म्हणाल्या, "नका घेऊ डोस. तुमचा जीव, तुमची मर्जी." सगळे मुद्दे फुकट गेले. मग चहा बशीत ओतत त्या म्हणाल्या, "फकस्त माझी सावड फेडा. मी तुमच्याजवळ दोनदा बसले. तुम्ही एकदा रशीदभाईंजवळ बसलात, तेही त्यांनी परत पाठवलं, ते धरत नाय. गुरुवारी माझा शेवटचा डोस हाय. त्याला या. मंग खुशाल मरा."

आमच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडत नाहीत. तो धर्म मी कधी मोडला नव्हता, आणि आता मला फेड चुकवणारा म्हणणार? गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झालो.

आक्कांना सलाईन लागलेलं होतं. शेजारची खुर्ची रिकामी. "बसा की." बसलो. बसतो न बसतो तोच सिस्टर रक्त तपासायला सुई घेऊन आल्या. त्यांच्यामागे डॉक्टर. दारात ललिता, छातीशी माझी फाइल. सगळे एकमेकांना सामील!

"ही शुद्ध फसवणूक आहे!" मी ओरडलो.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "मंग? रानात आलेला माणूस नुसता बांधावर बसतो का?"

रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मी भांडत होतो. रिपोर्ट चांगला आला. समोरच्या खुर्चीतून रशीदभाई म्हणाले, "साहब, लगवा लो. आज आप पर नजर मैं रखूँगा, और चिल्लाऊँगा भी मैं." मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. ते मी लपवलं नाही. हात पुढे केला.

उरलेले सगळे डोस झाले, आणि स्वतःचे उपचार संपले असूनही आक्का प्रत्येकाला येऊन बसल्या. माझ्या गाठी गेल्या, मिशा परतल्या. रशीदभाई पुन्हा मागावर उभे राहतात. आक्कांच्या त्या सावडीही मी इमानानं फेडल्या. आक्कांच्या तपासण्यांना गेलो. बागेत घड विरळायलाही गेलो, पण त्यांच्या सूनबाईंनी मला दुपारच्या आत सावलीत बसवलं. तो गुरुवार मात्र अजून मिटलेला नाही. मी म्हणतो, मी तुमच्याजवळ बसलो, माझी फिटली. आक्का म्हणतात, डोस तर तुम्हीही घेत होतात, म्हणजे मी तुमच्याजवळ बसले, तुमच्यावर आणखी एक चढली.

परवा भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पंचाहत्तरी झाली. बाग सुनेच्या हाती दिली. बोलावणं आलं की मी निघायला मोकळी." मला भयंकर राग आला. मोकळ्या कशा?

परमेश्वर आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य देवो, असं या जागी म्हणायची रीत आहे. म्हणतो, अगदी मनापासून म्हणतो. पण सगळं त्याच्यावर सोडायला मी तयार नाही. आक्का, त्या गुरुवारची सावड कोणाची, हे ठरेपर्यंत आपल्या दोघांपैकी कोणीही जागचं हलायचं नाही. आणि मी वाद लवकर सोडणारा माणूस नाही, हवं तर ललिताला विचारा.