घोंगड्यातले तांदूळ

भिवंडीच्या गोदामाचा पत्ता दिसला की मी ऑर्डर सरळ रद्द करायची. एकाच पत्त्यावर दहा गिऱ्हाइकं आणि प्रत्येकाच्या नावापुढं लांबलचक नंबर! अशाच पत्त्यावर मागं एक घोंगडं पाठवलं होतं आणि 'मिळालंच नाही' अशी तक्रार आली होती. दुधानं तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पीत होते.

आटपाडीत घराच्या पुढच्या खोलीतून मी मोबाइलवर घोंगडी विकते. एका बाईची ऑर्डर मी दोनदा रद्द केली. तिसऱ्यांदा तिचा निरोप आला.

"ताई, मी चोर न्हाई. माणची हाय. कॅनडात असते. तुमी भारताबाहेर पाठवत न्हाई म्हणून भिवंडीचा पत्ता भाड्यानं घेतलाय. तिथनं ते लोक पुढं पाठवत्यात. आई गेल्यावर आबांना इकडं आणलं. त्यास्नी रजईत झोप लागत न्हाई, अंगावर वजनच वाटत न्हाई म्हणत्यात. पुढच्या महिन्याचं तिकीट काढ म्हणून हट्ट धरलाय. गावी आता त्यांचं कोण हाय?"

वाचून माझीच मला लाज वाटली. त्याच दिवशी घरातलं सगळ्यात जाड, काळं घोंगडं काढलं. नवंकोरं, चिंचोक्याच्या खळीनं पुठ्ठ्यासारखं ताठ. आणि बांधताना मी नको तो शहाणपणा केला. माहेरवाशिणीला नुसतं वस्त्र कसं द्यायचं? घडीत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी ठेवली. तिची ओटीच भरली म्हणा ना.

आठवड्यानं तिचा रडवेला फोन आला. गोदामात पार्सल उघडून तपासतात. धान्य सापडलं म्हणून अडवून ठेवलं होतं, आणि पंधरा दिवसांत कुणी सोडवलं नाही तर ते नष्ट करणार होते. मी गोदामाला फोन लावला, तर म्हणे आम्ही फक्त खातेदाराशी बोलतो. खातेदार बसलीय कॅनडात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"एका घोंगड्यापायी भिवंडीला जातीस?" नवरा म्हणाला. "दुसरं पाठव की."

"तसलं दुसरं विणायला महिना लागंल. तवर म्हातारा विमानात बसंल. ओटी मी भरली, मीच काढणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी गोदामाच्या फाटकाशी उभी होते. पहारेकरी आत सोडेना. मी तिथंच पायरीवर बसकण मारली आणि बाईला फोन करून तिच्याकडून लेखी परवानगी मागवली. परवानगी आली तेव्हा दुपार उलटून गेली होती. शेवटी तपासणीचा माणूस पार्सल घेऊन बाहेर आला.

"काढा इथंच. पण एक दाणा जरी राहिला तरी हे पुढं जाणार नाही."

सुपारी, हळकुंड, खोबरं लगेच निघालं. तांदूळ मात्र वाटेत हादरे खाऊन लोकरीत रुतून बसले होते. झटकून पडेनात. सिमेंटच्या ओट्यावर घोंगडं पसरलं आणि नखानं एकेक दाणा उपसत बसले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत! तपासणीचा माणूस परत आला, त्यानं तळवा फिरवला आणि दोन दाणे माझ्यापुढं धरले. मी दुसऱ्या टोकापासून परत सुरू केलं. पुन्हा एक सापडला. तिसऱ्यांदा मी घोंगडं उलटं केलं, तसा तो स्वतःच शेजारी उकिडवा बसला.

"माझी आईपण अशीच," म्हणाला आणि वेचायला लागला.

पाच वाजता त्यानं पार्सलवर चिकटपट्टी मारली. माझी बोटं सोलवटली होती, पण एसटीत बसल्यावर घरून आणलेली भाकरी मला कधी नव्हे एवढी गोड लागली.

पुढचे अठरा दिवस मात्र मला चैन नव्हतं. म्हातारा गेला असेल तर? एकोणिसाव्या दिवशी निरोप आला.

"ताई, पोचलं. आबांनी नाकाला लावून वास घेतला. म्हणाले, खळीला वाटंत वल लागलीय, ह्याला कडक ऊन दावाय पायजे. हितं उन्हाळा कवा येतो गं? मी म्हणलं, आजून पाच महिने हायत, आबा. तर म्हणाले, बरं, तवा उन्हात घालू."