पाटावर न मावलेलं एंटर

नात सध्या कसल्याशा संगणकाच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. म्हणजे चार रंगांची पेनं घेऊन पुस्तक रंगवते आहे. पिवळं, गुलाबी, हिरवं. पानं अशी सजली आहेत की हळदीकुंकवाला ठेवावीत. "आजी, सगळं पाठ झालं," असं ती काल म्हणाली, आणि मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. कारण 'सगळं पाठ झालं' म्हणणारी एक शहाणी मी फार जवळून पाहिली आहे. ती शहाणी म्हणजे मीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात एका सहकारी बँकेत कारकून होते. चाळिशी ओलांडलेली, वाईच्या माहेराचा तोरा न ओलांडलेली. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा त्याला वेगळी काचेची खोली, थंड हवेचं यंत्र आणि वर झाकायला भरतकामाचा रुमाल मिळाला. चपला बाहेर काढून आत जायचं. आत जायचं कोणी, तर फक्त साहेबांनी. आम्ही काचेबाहेरून दर्शन घ्यायचो.

मग वरून फर्मान आलं. ज्यांच्याकडे संगणकाचं प्रमाणपत्र असेल ते साताऱ्यात राहतील, बाकीच्यांची बदली खंडाळ्याला. खंडाळा म्हणजे पुण्याच्या वाटेवरचं, खंबाटकीचा घाट उतरून गेल्यावरचं. माझे यजमान फौजेत, तेव्हा सीमेवर. लेक हॉस्टेलला. घरात मी आणि सासूबाई. सासूबाई फलटणकडच्या, ऊसवाल्यांच्या घरातल्या, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. बदलीचं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मी काय खंडाळ्याला यायची न्हाई. तू जा, मी गावाकडं धाकल्याकडं जाती. घराला कुलूप लाव." आणि खरंच कॉटखालची ट्रंक बाहेर ओढून त्यांनी दोन लुगडी आत टाकली. आम्ही दोघी रोज भांडायचो, पण भांडायला समोर कोणी नसलं तर घर कसलं? मला त्या ट्रंकेकडे बघवेना.

म्हणून मी परीक्षेला बसले. परीक्षा सांगलीत, त्याआधी साताऱ्यात एक क्लास. क्लासात संगणक एकच आणि त्याला गराडा घालून पोरं. मी मागच्या बाकावर. का? तर माझं अक्षर सुंदर आणि वही उतरवण्यात माझा हात कोणी धरत नसे. मास्तर आज्ञा फळ्यावर लिहायचे, पोरं ती यंत्रावर बडवायची, मी मान खाली घालून लिहायची. वर बघितलंच नाही. वही मात्र अशी, की मास्तरांनी ती वर्गात फिरवली. मी फुगले. भाकरीसुद्धा इतकी फुगत नाही.

घरी सराव कसा करायचा? तर मी एक नामी युक्ती काढली. फाटकाला दिलेला पांढरा ऑइलपेंट उरला होता. जेवायचा मोठा पाट घेतला आणि त्यावर संगणकाच्या सगळ्या कळा रंगवल्या. डावीकडून सुरुवात केली. अक्षरं घोटीव, चौकोन रेखीव, मध्ये सारखं अंतर. उजवीकडे येईपर्यंत पाट संपला. दोनचार कळा राहिल्या. म्हटलं, असू देत, कडेच्या कळांना कोण विचारतं? मग रोज सकाळी पाट मांडीवर घेऊन पाढ्यांच्या चालीत आज्ञा म्हणायच्या आणि पाटावर बोटं आपटायची. "डिर, कॉपी, रेन, डेल." पाहुणे जेवायला आले की त्याच पाटावर बसायचे. कोणी उठताना आत्या सांगायच्या, "जपून उठा, आमच्या सूनबाईच्या अक्षरांवर बसलाय."

परीक्षेला सांगलीला गेले ती एस.टी.तून खिडकीशी बसून, जिंकूनच. इतकी खात्री की आधी भडंग घेतलं आणि मग परीक्षेला गेले. पास झाल्यावर वाटायचं म्हणून!

लेखी पेपर झकास गेला. मग प्रात्यक्षिक. परीक्षकांनी सांगितलं, या फ्लॉपीवरच्या फायलींची यादी दाखवा. मी ऐटीत 'डिर' टाइप केलं, हात मांडीवर घेतले आणि बसून राहिले. पडद्यावर माझी तीन अक्षरं, पुढे लुकलुकणारी एक रेघ. ती लुकलुकते, मी बघते.

परीक्षक जवळ आले. "बाई, कसली वाट बघताय?"

"तो यादी दाखवेल त्याची."

"तो तुमची वाट बघतोय. एंटर दाबा."

मी मनातल्या पाटावर ती कळ शोधली. तिथे ती नव्हती. कशी असेल? पाट तिच्या आधीच संपला होता! शेवटी त्यांनीच कळ दाखवली. मी दाबली आणि पडदाभर काहीतरी सरसरत वर गेलं. मला इतका दचका बसला की खुर्ची मागे सरकली. एवढा अभ्यास करून मी कधी यंत्राला उत्तर देताना बघितलंच नव्हतं. पुढची प्रत्येक आज्ञा मी दिली आणि प्रत्येक उत्तराला घाबरले. नापास. भडंग मी इस्लामपूर ते कराडच्या मध्ये एकटीने संपवलं, कच्च्या कांद्याशिवाय.

घरी आले तर आत्या पायरीवर शेंगा निवडत बसलेल्या. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसल्याच. मग म्हणाल्या, "आसं कर, मला सांग, तू त्याला काय म्हनलीस?"

"डिर म्हणाले."

"मंग त्यो काय म्हनला?"

तो काय म्हणतो ते मला ठाऊकच नव्हतं.

"तू सांगत्यास आन त्यो काय म्हनला ते म्हाईत न्हाई, मग ह्यो आभ्यास हाय का आरती?" आत्यांनी शेंग सोलून दाणा तोंडात टाकला. "भांडान सांगायला बसलीस तर दोघींचं सांगत्यास ना? ती काय म्हनली, मी काय म्हनले. मंग हे का आर्धं सांगत्यास?"

संगणकातलं आत्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडण अर्धं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

बदल्या व्हायच्या आधी परीक्षेची अजून एक खेप होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या पुढ्यात उभी राहिले. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत मला त्या काचेच्या खोलीत बसायचंय.

"मोडलं बिडलं तर?"

"तर खंडाळ्याला जाईन. तसंही पाठवणारच आहात."

साहेबांनी किल्ली दिली. मी भरतकामाचा रुमाल बाजूला ठेवला आणि पुढे माझी जेवणाची सुट्टी कायमची तिथे गेली. डबा दारातच खायचा आणि आत जायचं. वही न्यायची नाही, असं मीच ठरवलं. आधी आठवायचं, टाइप करायचं, एंटर दाबायच्या आधी मनाशी बोलायचं की आता हा काय म्हणेल, आणि मग दाबायचं. चुकलं की आनंद, कारण संध्याकाळी आत्यांना सांगायला काहीतरी आहे. बरोबर आलेल्या उत्तरांत त्यांना रस नसायचा. "यादी दाखवली" म्हटलं की जांभई. पण "आज्ञा चुकीची आहे म्हणाला" म्हटलं की डोळे चमकायचे. "मंग तू काय म्हनलीस? का न्हाई आईकला त्यानं? आन उलटं घातलं आसतंस तर?" आज्ञेतले शब्द उलटे घातले तर काय होईल हे मला माहीत नसायचं. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम उलटं घालून बघायचं. मुद्दाम चुका करायला मी चाळिशीत शिकले. त्याआधी चुका फक्त नकळत करायची.

एकदा यंत्राच्या खाचेत फ्लॉपी घातली पण खाचेची कडी लावायला विसरले. यंत्र म्हणालं, 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' आत्यांना सांगितलं, हा विचारतोय, सोडून देऊ, पुन्हा बघू, की नापास?

"नापास करू का म्हनून तुलाच इचारतंय? लय आगाव हाय गं! मंग?"

"कडी लावली आणि म्हटलं पुन्हा बघ."

"ब्येस केलंस. पुन्यांदा बघच म्हनायचं."

दुसऱ्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा भडंग आधी घेतलं नाही. प्रात्यक्षिकाच्या खोलीत शेजारच्या यंत्रावरचा तरुण एकाएकी घामाघूम. समोर तेच तीन शब्द. माझ्याही पडद्यावर तेच! परीक्षकांनी बहुधा मुद्दामच सगळ्या कड्या उघड्या ठेवल्या होत्या. मी वाकले, कडी लावली, रिट्रायचा आर दाबला. यादी सरसरत वर गेली आणि मी तिच्याकडे ओळखीच्या बाईकडे बघावं तसं बघितलं. परीक्षक तेच होते. म्हणाले, "बाई, आज वाट बघत नाही बसलात." मी म्हटलं, "आज त्याला बसवलंय."

निकाल साहेबांनीच सांगितला. घरी आले तेव्हा हातात भडंगाची पुडी, यावेळी साताऱ्यातल्या दुकानातली. आत्या दारातच.

"पास झाले, आत्या."

"मंग सायेब काय म्हनला?"

"इथंच राहा म्हणाला."

आत्या आत गेल्या, ट्रंक ओढली आणि मला म्हणाल्या, "काढ ह्यातलं." मी लुगडी काढली. दोन नाही, सगळीच होती. मला न सांगता त्यांनी पूर्ण बांधाबांध करून ठेवली होती. आणि लुगड्यांच्या तळाशी तो पाट.

"हा कशाला घेतला होता?"

"तकडं कोन हाय माझ्याशी भांडाय? आटवन आली आसती तर बडवला आसता." मग पाटाच्या उजव्या कडेवर बोट टेकवून म्हणाल्या, "ऱ्हायलेली कळ तेवडी काढून टाक आता."

"पाट संपलाय तिथं."

"मंग उलट्या अंगाला काढ की! आक्की बाजू मोकळी हाय."

काढली. पाटाच्या पाठीवर, मधोमध, हाताच्या पंज्याएवढी. पाट अजून माझ्याकडे आहे. काल रात्रीच्या जेवणाला तोच मांडला आणि नातीला उलट्या बाजूवर बसवलं. म्हटलं, पेनं ठेव, ते रंगवलेलं पुस्तक मीट, आणि मला सांग, आज त्याला काय म्हणालीस?

तिने सांगितलं.

"मग तो काय म्हणाला?"

नातीचा हात मिटलेल्या पुस्तकाकडे गेला. मी तिच्या पानात भाजी वाढली आणि वाट बघत बसले.