ड्रमसाठी तात आणायला सांगवीला

लग्नसराई तोंडावर आली आणि माझ्या साइड ड्रमचा आवाज बसला. पुण्यात वरातीच्या बँडमध्ये मी तो वाजवतो. खालच्या कातड्याला लागून आतड्याच्या बारीक ताती ताणलेल्या असतात. वर काठी पडली की त्या थरथरतात आणि तो कोरडा, चुरचुरीत आवाज निघतो. माझ्या ताती ढिल्या पडल्या होत्या. त्यात मी वाजवायला लागलो की आमचे वस्ताद उठून गल्लीच्या टोकाला जात. सहा वर्षं हेच. माझं वाजवणं त्यांना सोसवत नाही असं मी धरून चाललो होतो, आणि यंदा ते मला काढणार अशी धास्ती होती. बारामतीजवळच्या सांगवीचा एक पिंजारी कापूस पिंजायच्या धनुकलीसाठी उत्तम तात वळतो असं कळलं. ड्रम गोधडीत गुंडाळून निघालो.

दौंडला उतरून बारामतीची छोटी गाडी धरायची. घाई असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. भजी दौंडलाच खाऊन घ्यावीत. ड्रम मांडीवर होता आणि डब्याच्या हादऱ्याने आपसूक गुणगुणत होता. मला डुलकी लागली, उठलो तर बारामती.

पुढे सांगवीला गुळाच्या ढेपा आणायला निघालेल्या बैलगाडीत जागा मिळाली. कालव्याकाठी ऊस, हवेत गुऱ्हाळाचा गोड धूर. हा रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

"वाजवा की कायतरी, पाव्हणं," गाडीवान म्हणाला.

"आवाज बसलाय."

"मग आमची बैलंच बरी. घुंगरं कवा बसत न्हाईत!"

पिंजारी चाचा ओसरीवर कापूस पिंजत होते. माझी तात बोटाने छेडून म्हणाले, "हिच्यात जीव न्हाय." दुपारभर बसून त्यांनी नव्या ताती चढवल्या. मी दोन हात मारले आणि खट्टू झालो.

"चाचा, पत्र्यावर खडे टाकल्यागत वाटतंय."

"जवळनं तसंच वाटनार. माजं पिंजनबी घरात नुसती कटकट. तात चढली का उतरली, ते माजी मालकीण पार तिकडं हिरीवर उभी ऱ्हाऊन सांगती. काठ्या द्या हिकडं, आन जावा त्या बांधावर."

चाचांना ताल येत नव्हता, नुसते टोले पडत होते. पण उसावरून येताना प्रत्येक टोला दाणा दाणा सुटा, स्वच्छ झाला होता. सहा वर्षांत माझा ड्रम मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग एकदम गल्लीचं टोक आठवलं आणि डोळे भरून आले.

पुण्यात परतलो. मी ड्रम गळ्यात अडकवताच वस्तादांनी चपला पायात सरकवल्या.

"वस्ताद, मला वाटायचं तुम्ही मला काढणार."

ते दारात थबकले. "ज्याला काढायचंय, त्याचं ऐकायला एवढी पायपीट कोण करील?"

ते टोकाला पोचेपर्यंत मी काठ्या उचलल्या नाहीत.